शिवारातला ओढा वाचायला शिका: मराठवाड्यात नव्यानं पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांसाठी

मे महिन्यात ज्या गावात टँकरची वाट बघतात, त्याच गावात सप्टेंबरात ओढ्याचं पाणी घरात शिरतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा, सीना आणि सिंदफणेच्या काठची शेतं मातीसकट खरवडून गेली. या दोन्ही गोष्टी एकाच जमिनीच्या, एकाच खडकाच्या आणि एकाच तऱ्हेच्या पावसाच्या आहेत. त्या समजून घ्यायला भूगोलाची पदवी लागत नाही. एक नकाशा, एक टेप आणि वर्षभराचा धीर एवढं पुरतं.

गावच्या आपत्ती व्यवस्थापन समितीत ज्यांचं नाव नुकतंच लागलंय, जे शिक्षक मुलांना भूगोल पुस्तकाबाहेर नेऊन दाखवू पाहतात, किंवा जे ओढ्याकाठी शेत वा प्लॉट घ्यायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. क्रम शक्यतो बदलू नका. पाऊस मोजण्याआधी नकाशा आणि पुराआधी कोरडा ओढा बघितला, तर पुढचं सगळं सोपं जातं.

काय काय जमवायचं

- भारतीय सर्वेक्षण विभागाची १:५०,००० प्रमाणाची नकाशाशीट. विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की मिळते.
- गावाचा नकाशा आणि हवा असेल त्या गटाचा नकाशा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो.
- सातबारा. त्यावरचा पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, नीट बघायचा.
- ३० मीटरचा टेप, सुतळी, आणि दर १० सेंटीमीटरवर रंगाचा पट्टा मारलेली दोन मीटरची काठी.
- आलेख कागद आणि ट्रेसिंग पेपर.
- सरळ भिंतीचा डबा किंवा पर्जन्यमापक, आणि मिलिलिटरच्या खुणा असलेलं माप.
- जाड पुठ्ठ्याची वही. मोबाईल बदलतो, त्यातल्या नोंदी हरवतात. वही राहते.

## १. आपलं पाणी शेवटी कुठं जातं ते शोधा

मराठवाड्याला अरबी समुद्र जवळ, पण पाणी जातं बंगालच्या उपसागरात. सह्याद्रीपासून जमीन पूर्वेकडं उतरत गेली आहे, म्हणून त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर चालून आंध्राच्या किनाऱ्याला लागते. मराठवाड्यातलं बहुतेक पाणी तिच्यातच जातं. अपवाद सीनेचा. आष्टी, भूम, परंडा भागातलं बरंच पाणी सीनेतून भीमेला आणि पुढं कृष्णेला मिळतं. दोन खोऱ्यांना वेगळं करणारी धार बालाघाटच्या डोंगरात आहे.

आपल्या ओढ्यापासून समुद्रापर्यंतची साखळी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. उदाहरणार्थ, बीड शहरातून जाणारी बिंदुसरा सिंदफणेला मिळते, सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे आणि पुढं मंजरथला ती गोदावरीत जाते. जालन्याकडची दुधना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला मिळते. हिंगोलीची कयाधू पैनगंगेत जाते. या साखळीतलं प्रत्येक धरण तुमच्या वर आहे की खाली, ते लिहून ठेवा. वरचं धरण भरलं की तुमच्याकडं पाणी सोडतात. खालचं धरण भरलं की त्याच्या फुगवट्याचं पाणी मागं सरकतं. दोन्हीकडून धोका आहे, पण तो वेगवेगळ्या वेळी येतो.

बाहेरून आलेल्यांची एक चूक हमखास होते. गोदाकाठी लोक नदीला ‘गंगा’च म्हणतात. गंगाखेड, गंगथडी ही नावं त्यातूनच आली. कोणी ‘गंगंला पाणी सोडलंय’ म्हणालं, तर ते जायकवाडीच्या विसर्गाबद्दल बोलतंय हे लक्षात ठेवा.

## २. नकाशावर पाणलोट काढा

नकाशावरच्या तपकिरी वळणदार रेषा म्हणजे समोच्च रेषा. एकाच रेषेवरच्या सगळ्या जागा सारख्या उंचीच्या असतात. या शीटवर दोन रेषांमध्ये साधारण २० मीटरचं अंतर असतं, तरी शीटच्या तळाशी लिहिलेला आकडा एकदा बघून घ्या. ज्या ठिकाणी रेषा व्ही आकारात वळून टोक चढाकडं करतात, तिथं ओढा असतो. टोक उताराकडं असेल तर ती धार.

आता तुमचा ओढा गावाशी जिथं येतो, म्हणजे पूल किंवा पाराजवळची जागा, तिथं टिंब द्या. तिथून दोन्ही बाजूंनी धारेधारेनं वर चढत रेषा काढा. ओढ्याच्या उगमाच्या वर दोन्ही रेषा एकत्र आल्या पाहिजेत. वाटेत त्यांनी एकही ओढा ओलांडता कामा नये. ओलांडला असेल तर रेषा चुकली, पुसून पुन्हा काढा. बंद झालेला आकार हाच तुमचा पाणलोट, म्हणजे जिथला पाऊस वाहत त्या टिंबापर्यंत येतो ते क्षेत्र.

क्षेत्र मोजायला आकार ट्रेसिंग पेपरवर घ्या आणि आलेख कागदावर ठेवून चौरस मोजा. १:५०,००० वर २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, म्हणून १ चौरस सेंटीमीटर म्हणजे २५ हेक्टर. आठ चौरस भरले तर पाणलोट २०० हेक्टरचा.

हा आकडा पुढं सारखा लागतो. १ मिलिमीटर पाऊस १ हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होतं. २०० हेक्टरवर एका रात्री ६० मिलिमीटर पडला तर १२ कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे १२ हजार टँकर. त्यातलं किती मुरेल आणि किती गावाकडं धावेल हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर जमिनीच्या पोटात आहे.

## ३. विहिरीत डोकवा, खडक ओळखा

मराठवाड्याचा खूप मोठा भाग लाव्हारसाच्या थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हे थर एकावर एक साचले. न बांधलेली जुनी विहीर सापडली की त्यांची रचना उघड दिसते. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या आणि मग काळा पाषाण. मांजऱ्यात छोटी छिद्रं असतात आणि बऱ्याचदा त्यात पांढरे खडे भरलेले दिसतात. पाणी मुरूम, मांजऱ्या आणि पाषाणाच्या भेगा यांतच राहतं. अखंड काळा पाषाण पाणी धरत नाही. म्हणूनच एकमेकांपासून पन्नास फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागतं आणि दुसऱ्यातून नुसता धुरळा उडतो.

ज्या खडकात पाणी राहतं, तोही मोठी साठवण करू शकत नाही. झिजलेल्या किंवा भेगाळलेल्या बेसाल्टमधून, म्हणजे याच लाव्हाच्या खडकातून, उपसता येणारं पाणी त्याच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच असतं. २ टक्के धरून हिशेब करा. विहिरीची पातळी १ मीटरनं वर आली तर जमिनीत मुरलेलं पाणी फक्त २० मिलिमीटर. भांडं लहान आहे. म्हणून ते लवकर भरतं, मग उरलेलं पाणी वाहून जातं, आणि उपसा सुरू झाला की तेवढ्याच लवकर रिकामं होतं. टंचाई आणि पूर इथं एकाच कारणातून येतात.

काळ्या मातीचं वागणं आणखी वेगळं. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचा पहिला पाऊस त्या भेगांतून सरळ खाली जातो. माती ओली झाली की फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर पाणी अगदी सावकाश मुरतं. जूनमध्ये पडलेले ६० मिलिमीटर शिवारात जिरून जातात आणि ओढा जेमतेम ओला होतो. तेवढेच ६० मिलिमीटर सप्टेंबरात, आधीच चिबडलेल्या रानावर पडले तर पुलावरून पाणी जातं. ‘एवढ्या पावसात पूर येत नाही, मागं आला नव्हता’ असं कोणी म्हणालं, तर ‘मागं’ म्हणजे कोणत्या महिन्यात, ते आधी विचारा.

एक विहीर निवडून तिची पातळी दर महिन्याला मोजा. ती शक्यतो कमी उपशाची असावी. काठावर रंगानं एक खूण करा आणि दरवेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंत टेप सोडा. पंप बंद करून किमान एक रात्र गेलेली असावी, नाहीतर पाण्याची खरी पातळी न मिळता पंपानं ओढलेली पातळी मिळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुमची मोजणी त्या महिन्यांत चुकवू नका, म्हणजे तुलना करता येईल.

## ४. उन्हाळ्यात ओढ्याच्या पात्रातून चालत जा

एप्रिल-मे मध्ये, सकाळी, दोघं-तिघं मिळून निघा. उगमाकडून गावाकडं चाला, कारण पाणी त्याच वाटेनं येतं.

काय बघायचं? सगळ्यात आधी मागच्या पुराच्या खुणा. बाभळीच्या काट्यांत अडकलेला पाचोळा, कडब्याच्या पेंढ्यांचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्या कोणत्या उंचीवर आहेत, ते काठीनं मोजा. फांदी वाकलेली असेल तर ती सरळ करून मोजू नका. पुरात ती वाकलेलीच होती.

वळणावर बाहेरचा काठ खणला जातो आणि आतल्या काठावर वाळू साचते. बाहेरच्या वळणावर घर, डीपी किंवा विहीर असेल तर तिथलं काठापासूनचं अंतर मोजून लिहा. दरवर्षी त्याच दगडापासून मोजलं की काठ किती सरकतोय ते कळतं.

मग गावनकाशा उघडा आणि त्यावरची ओढ्याची रुंदी प्रत्यक्ष रुंदीशी ताडून बघा. नकाशावर १५ मीटर आणि जागेवर ४ मीटर अशी तफावत बऱ्याच ठिकाणी सापडते. सातबाऱ्यावर पोटखराबा वर्ग ब मध्ये लावलेली जमीन ओढा, रस्ता अशा सार्वजनिक वापराची असू शकते. प्लॉट घेणाऱ्यानं ही नोंद पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. मे महिन्यात सपाट, कोरडी आणि स्वस्त दिसणारी जागा बऱ्याचदा बुजवलेला ओढाच असते. जमीन खणून बघा. वरच्या मुरुमाच्या भरावाखाली गोलसर गोटे आणि वाळू लागली, तर ती पाण्याची जुनी वाट आहे.

## ५. पाऊस मोजा

मराठवाड्यात जून ते सप्टेंबरची सरासरी सुमारे ६७९ मिलिमीटर धरतात. पण सरासरीनं पूर किंवा दुष्काळ कळत नाही. किती दिवसांत पडला आणि मध्ये किती खंड पडला, ते महत्त्वाचं. म्हणून रोजची नोंद हवी.

सरळ भिंतीचा डबा घ्या. २० सेंटीमीटर व्यासाच्या डब्याचं तोंड ३१४ चौरस सेंटीमीटर असतं, म्हणून साचलेल्या दर ३१.४ मिलिलिटरला १ मिलिमीटर पाऊस. तोंड जमिनीपासून ३० सेंटीमीटर उंच आणि अगदी सपाट असावं. झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब हवी. गच्चीवर ठेवू नका, वाऱ्यानं थेंब उडून कमी मोजणी येते.

शीतपेयाच्या बाटलीचा मापक शाळांत खूप करतात. तिचा तळ वेडावाकडा असतो, म्हणून पहिले दहा-पंधरा मिलिमीटर चुकतात. बाटलीचीच मापकं करायची असतील तर तळात खडे टाका, खड्यांच्या वर येईपर्यंत पाणी भरा आणि त्या पातळीला शून्य म्हणा.

रोज सकाळी साडेआठला मोजा. हवामान विभागाची वेळ तीच. पाऊस नसेल तर शून्य लिहा. रिकामी जागा आणि शून्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

२४ तासांत २.५ मिलिमीटर झाला की पावसाचा दिवस. ६५ मिलिमीटर किंवा जास्त झाला तर महसूल खात्याच्या भाषेत अतिवृष्टी. हा आकडा तुमच्या महसूल मंडळातल्या केंद्राचा धरतात, तुमच्या डब्याचा नाही. तरी डब्याची नोंद ठेवाच. मंडळाचं केंद्र दहा किलोमीटर लांब असतं आणि आपल्याकडचा वळवाचा पाऊस एका शिवारात कोसळून शेजारच्या शिवाराला कोरडं ठेवतो.

## ६. वाहतं पाणी मोजा, मग पुलाचे पाईप

गुडघ्याखाली, संथ पाणी असतानाच हे करायचं. पूर असताना पात्रात पाय घालायचा नाही. मोजणीसाठीही नाही.

ओढ्याचा सरळ २० मीटरचा भाग निवडा आणि दोन्ही टोकांना सुतळी आडवी बांधा. रुंदी मोजा. काठीनं पाच-सहा ठिकाणी खोली घेऊन सरासरी काढा. मग वरच्या सुतळीच्या थोडं वर लिंबू सोडा आणि एका सुतळीपासून दुसरीपर्यंत किती सेकंद लागतात ते बघा. पाच वेळा करा. काठाला अडकलेलं लिंबू हिशेबात धरू नका. लिंबू का? ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळं वारा त्याला ढकलत नाही. थर्माकोलचा तुकडा वाऱ्याचा वेग सांगतो, पाण्याचा नाही.

समजा रुंदी ६ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर. छेद झाला २.४ चौरस मीटर. लिंबाला २५ सेकंद लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं म्हणून त्याला ०.८ नं गुणा, ०.६४ आले. २.४ गुणिले ०.६४ म्हणजे सेकंदाला सुमारे १.५ घनमीटर. सेकंदाला एक घनमीटर म्हणजे ३५.३ क्युसेक (सेकंदाला एक घनफूट म्हणजे एक क्युसेक), म्हणून हे झाले साधारण ५४ क्युसेक. एकदा स्वतः ५४ क्युसेक मोजले की बातमीतला ‘५० हजार क्युसेक विसर्ग’ डोळ्यांसमोर उभा राहतो. साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर वाहिलं तर १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी होतं. जायकवाडीची एकूण साठवण १०२ टीएमसीच्या आसपास आहे.

आता गावच्या पुलाचा हिशेब. हा सगळ्यांनी करावाच. पाणलोट २०० हेक्टर, तासाला ५० मिलिमीटर पाऊस, आणि भिजलेल्या जमिनीवरून त्यातलं निम्मं वाहतंय असं धरा. २०० गुणिले ५० गुणिले ०.५, भागिले ३६०. उत्तर सेकंदाला सुमारे १४ घनमीटर. तुमच्या नळकांडी पुलाला १ मीटर व्यासाचे तीन पाईप आहेत. एका पाईपचा छेद ०.७८५ चौरस मीटर, आतून पाणी सेकंदाला २ मीटर वेगानं गेलं तरी तीन पाईप मिळून पावणेपाच घनमीटर. उरलेलं नऊ घनमीटर कुठं जाणार? आधी पुलामागं तुंबून शेतात आणि वस्तीत पसरतं, मग पुलावरून जातं. त्यात एका पाईपात बाभळीचं खोड अडकलं तर पूल हा बांधच होतो. हा हिशेब कागदावर मांडून, पुलाच्या फोटोसह ग्रामसभेत ठेवा. नुसत्या ‘पूल लहान आहे’ या तक्रारीपेक्षा त्याला वजन येतं. आणि पावसाळ्याआधी पाईप मोकळे करणं तर ग्रामपंचायतीच्या हातातलंच आहे.

## ७. पूररेषा विचारा, नसेल तर स्वतःची खूण करा

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये बांधकामाला मनाई असते, निळ्या आणि लाल रेषेमध्ये अटी लागतात. तुमच्या जागेची माहिती पाटबंधारे कार्यालयात लेखी मागा. तोंडी उत्तरावर घर बांधू नका.

‘२५ वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा येऊन गेला की पुढची २५ वर्षं निर्धास्त, असा नाही. दरवर्षी शंभरात चार एवढी शक्यता, असा आहे. तो लागोपाठ दोन वर्षंही येऊ शकतो.

लहान ओढ्यांना बहुधा अशी रेषा आखलेली नसते. तिथं गावातल्या म्हाताऱ्या माणसांना पाणी कुठवर आलं होतं ते जागेवर नेऊन दाखवायला सांगा. बसल्या जागी सांगितलेली उंची दरवर्षी वाढते, पण पायरी दाखवताना माणूस चुकत नाही.

## ८. पुराशिवायचे दोन धोके: वीज आणि भूकंप

वीज एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात जास्त. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. काम थांबवा, पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर येऊ नका. कडुलिंबाखाली किंवा बाभळीखाली थांबणं सगळ्यात वाईट, कारण झाडावर पडलेली वीज बुंध्यावरून बाजूच्या माणसात उडते आणि जमिनीतूनही पसरते. जनावरं झाडाला बांधून ठेवू नका. मोबाईलवर ‘दामिनी’ ॲप घाला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं आहे, आसपासच्या विजांची सूचना देतं.

भूकंपाबद्दल इथं वेगळं सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं दगडमातीच्या घरांखाली गेली. हिंगोली भागात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. भूकंप कधी होईल हे कोणीही सांगू शकत नाही, त्यामुळं तारीख-वार सांगणारे संदेश पुढं पाठवू नका.

बघायचं ते घर. जुनी दोन फुटी भिंत आतून बाहेरून दोन पापुद्र्यांची असते, मध्ये चिपा आणि माती. हादऱ्यानं पापुद्रे सुटतात आणि वरचं माळवद, त्यावरच्या मातीच्या थरासकट, खाली येतं. भिंतीला फुगा आलाय का ते सुतळी ओळंब्यासारखी सोडून तपासा. नवी दगडी भिंत बांधताना उंचीत दर ६० सेंटीमीटरला आणि लांबीत दर १२० सेंटीमीटरला आरपार जाणारा दगड घाला. दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवा. आणि माळवदावर गळतीसाठी दरवर्षी नवी माती टाकायची असेल, तर जुनी आधी काढा. वजन वाढत जाणं हाच खरा धोका.

## ९. वहीत काय लिहायचं

डाव्या पानावर रोजचा पाऊस. उजव्या पानावर महिन्याची विहिरीची पातळी, ओढा कधी वाहू लागला आणि कधी आटला, पुलावरून पाणी गेलं तर किती वाजता सुरू झालं आणि किती वाजता ओसरलं. पावसाचा जोर आणि पुलावर पाणी चढणं यांत किती मिनिटं गेली ते आवर्जून टिपा. वस्ती हलवायला तुमच्याकडं तेवढाच वेळ असतो, आणि लहान पाणलोटात तो तासाभराचाही नसतो.

शेवटच्या पानावर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीचा ११२, रुग्णवाहिकेचा १०८, आणि वरच्या धरणावरच्या शाखा अभियंत्याचा नंबर. पूर ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी, भिंतीवरचा चिखल धुण्याआधी, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर ऑइल पेंटनं आडवी रेघ मारा आणि तिच्या वर तारीख लिहा.